गाडी थांबणार कुठे?

(मंचर येथे महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या जुन्नर-आंबेगावात रेल्वे स्टेशनच नाही, मग त्यावर बोलायचं कशाला, असं मघाशी एका मावशींनी विचारलं. रास्त प्रश्न आहे.

एम.एस.डब्ल्यू. करताना माझं क्षेत्रकार्य मावळात होतं. पुणे-लोणावळा लोकलनं मी कान्हे स्टेशनला उतरायची. स्टेशन एवढंसं. पण सकाळी तिथं भाजीच्या पाट्या घेतलेल्या बाया, चिंचवडला धुणीभांडी करायला निघालेल्या, कॉलेजच्या मुली, सगळ्या एका गाडीत चढायच्या. १९७८ साली ही लोकल सुरू झाली. बेगडेवाडी, घोरावाडी अशा लहान ठिकाणीही ती थांबते. तिथली एक मुलगी म्हणायची, उशीर का झाला असं घरी कुणी विचारत नाही. मी कुठल्या गाडीनं येणार हे आजीलासुद्धा पाठ आहे. गाडीची वेळ ठरलेली, म्हणून तिचं शिक्षण टिकलं.

आता आपल्याकडे पाहा. डिंभ्याच्या वरच्या वाड्यांतल्या बाया नारायणगाव, मंचरकडे मजुरीला येतात त्या पिकअपमध्ये दाटीवाटीनं उभ्या राहून. मार्च २०२३ पासून एसटीत बाईला अर्धं तिकीट आहे. आपण त्याचं स्वागत केलं, पण न आलेल्या गाडीचं अर्धं तिकीट काय कामाचं? बारावीनंतर किती मुली घरी बसल्या, हे तुम्हीच मला सांगता.

पुणे-नाशिक रेल्वेच्या आराखड्यात मंचर आणि नारायणगावला स्टेशनं धरली होती. २३५ किलोमीटरचा मार्ग, ताशी २०० किलोमीटर वेग. पण खोडदची दुर्बीण अवकाशातून येणारे अतिशय क्षीण रेडिओ संकेत टिपते, रेल्वेमुळे त्यात अडथळा येईल, म्हणून मार्ग अडला. २०२५ मध्ये रेल्वेमंत्र्यांनी या बाजूनं मार्ग नेता येणार नाही असं सांगितलं. इथल्या लोकांना जुनाच मार्ग हवा आहे. मलाही गाडी हवी आहे. दुर्बीण सांभाळून ती कशी आणायची, हे जाणकारांनी बसून ठरवावं.

पण या मागणीच्या सभांना मी जाते तेव्हा व्यासपीठावर कांदा, टोमॅटो आणि जमिनीचे भाव यांवरच बोलणं होतं. व्यासपीठावर बाई क्वचितच, असली तर हार घालायला! गाडी कुठे थांबणार, पहाटे आहे का, संध्याकाळी सातनंतर आहे का, फलाटावर दिवा आणि संडास आहे का, हे कुणी विचारत नाही. दोनशेच्या वेगानं गाडी आपल्या शेताजवळून गेली, तर निंदणाऱ्या बाईला तिचा काय उपयोग?

मी कागद आणलेत. जाताना आपापल्या गावची शेवटची एसटी किती वाजताची आहे आणि खरी किती वाजता येते, दोन्ही लिहून द्या. लिहिता येत नसेल तिनं शेजारणीला सांगावं.