उभ्या पिकअपचे आवाज ओळखा



बाजारातून परतल्यावर टर्बो डिझेल पिकअप अंगणात उभी केली, इंजिन बंद केले, तरी आतून आवाज येत राहतात. अशा वेळी एकच गोष्ट पाहावी: आवाज अर्ध्या तासात विरतो का?

‘टिक टिक’ हळूहळू थांबली तर काळजी नको. टर्बो व सायलेन्सरचा तापलेला धातू निवताना आकसतो, त्याचा तो आवाज. काही गाड्यांत रेडिएटरचा पंखाही थोडा वेळ फिरतो.

मात्र ‘फस्स’ असा आवाज, गोडसर वास व खाली ओल असेल तर कूलंट गळते आहे असे समजावे. ‘गुडगुड’ ऐकू आल्यास कूलंट कमी असू शकते. झाकण इंजिन थंड झाल्यावरच उघडावे. नाहीतर उकळते पाणी अंगावर उडते.

सकाळीही ‘कट कट’ चालू असेल तर रिले अडकला असण्याची शक्यता असते. बॅटरीची ऋण तार काढून ठेवावी व मेकॅनिकला दाखवावे.

भरलेली गाडी आणल्यावर इंजिन एक-दोन मिनिटे न्यूट्रलवर चालवून मगच बंद करावे. तेवढ्यात तेल फिरून टर्बोची बेअरिंग निवते.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी जाळणारा फिल्टर असतो. त्यात तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. त्यानंतर टिकटिक व पंखा जास्त वेळ चालतो. म्हणून गाडी कडबा, पाचट किंवा वाळल्या गवतावर कधीही उभी करू नका.