आजारी राजकन्येचा आक्षेप



स्वागताध्यक्षानं जेवणाखाण्याचं पाहावं, तत्त्वज्ञानात शिरू नये, असा संकेत आहे. तो मी थोडा मोडतो.

पत्रातलं तत्त्वज्ञान आपल्याला नवं नाही. चांगदेवांच्या कोऱ्या पत्राला ज्ञानदेवांनी ६५ ओव्यांचं उत्तर दिलं, असं परंपरा सांगते. पण तिथे विचारणाऱ्याचा कागद कोरा होता. बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथनं मात्र कागद भरभरून लिहिले. वडिलांचं राज्य गेलेलं, कुटुंब हेगमध्ये आश्रयाला. १६४३च्या मे महिन्यात तिनं तत्त्वज्ञ देकार्तला विचारलं: आत्म्याला आकारच नाही, तर तो शरीराला हलवतो कसा?

१६४५मध्ये ती आजारी पडली. अंगात बारीक ताप, कोरडा खोकला. देकार्तनं दूर बसून निदान केलं की मूळ दुःखात आहे, आणि रोमन तत्त्वज्ञ सेनेका वाचायला सुचवला. तिनं आदर राखून कळवलं की काही आजार विचार करण्याची ताकदच काढून घेतात. अशा माणसानं विवेकानं सुखी व्हायचं कसं? मग तिनं भावविकारांची व्याख्याच मागितली. त्या हिवाळ्यात त्यानं कच्चा मसुदा केला, तिनं वाचून शंका काढल्या, आणि १६४९मध्ये ‘आत्म्याचे विकार’ हा ग्रंथ निघाला.

तिनं आपली पत्रं छापू दिली नाहीत. ती प्रसिद्ध झाली १८७९मध्ये. म्हणजे दोन शतकांहून अधिक काळ लोकांनी उत्तर वाचलं, प्रश्न नाही! अनोळखी वाचकाची समजूत सुभाषितांवर काढता येते. आजारी पत्रमैत्रिणीची नाही. माझ्या मते त्या ग्रंथाचं श्रेय एकट्या देकार्तला देणं हा अन्याय आहे.

समोरच्याच्या अडचणीपुढे सिद्धान्तानं वाकायचं, हे आमच्या डहाणू तालुक्यानंही पाहिलं आहे. जवळच कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात म्हणून शाळाच कुरणात नेली.

चहा गवती पातीचा आहे, चिकू इथल्याच वाड्यांतले. दाराशी कागद ठेवले आहेत. आक्षेप त्यावर लिहून द्या. भाषणात वेळ संपल्याचं सांगून सुटता येतं, म्हणून लेखी उत्तरं देण्याचं आम्ही वक्त्यांकडून आधीच कबूल करून घेतलं आहे.