गच्चीवर तिसरा थर नको
(रौप्यमहोत्सवी सभेतील भाषण)



२५ वर्षांत आपल्या गच्चीवर वॉटरप्रूफिंगचे दोन थर चढले. तरी यंदा वरचा मजला गळतोय, म्हणून तिसऱ्याचं कोटेशन आलंय. स्वस्त आहे, कारण जुना कोबा फोडायचा नाही.

पण हिशेब बघा. चार इंची ब्रिकबॅट कोब्याचं वजन चौरस मीटरला साधारण २०० किलो. आपली गच्ची ३,००० चौरस फूट. म्हणजे एका थराचे सुमारे ५५ टन! शिवाय खाली मुरलेलं पाणी कोंडून राहणार, सळया गंजणार. अमेरिकेत घरांच्या छपरांवर डांबरी शिंगल्स असतात. तिथंही सर्वसाधारण नियम दोनच थरांचा. तिसऱ्याआधी जुने उखडावे लागतात.

मी आयुष्यभर बँकेत कर्जं पाहिली. थकलेल्या कर्जावर नवं दिलं की खातं काही दिवस छान दिसतं. बुडतं तेव्हा मोठ्या रकमेनं बुडतं.

उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी व्हायला हवं. आधी ते करू, मग जुने थर काढून एकच नीट घालू. वर्गणी जास्त पडेल, पण ती सगळ्यांनी द्यायची. गच्ची एकट्या वरच्या मजल्याची नाही.