अर्थशास्त्राचे सर आणि साडेचार टक्के

आम्ही डिप्लोमावाले, सरकारी नोकर. शाळेत अर्थशास्त्र म्हणजे सामाजिक विज्ञानाच्या पुस्तकातला शेवटचा भाग, परीक्षेच्या आदल्या रात्री घोकायचा! त्यामुळे गेल्या वर्षी घराच्या दुरुस्तीसाठी 'महिना फक्त ३ टक्के' व्याजाने पैसे उचलताना आम्हाला काहीच खटकलं नाही.

खटकलं ते दहावीतल्या लेकीला. 'मुद्रा और साख' हा धडा शिकवताना तिच्या सरांनी पुस्तक मिटवून होळकरांची गोष्ट सांगितली होती. खंडवा-इंदूर रेल्वेसाठी दुसऱ्या तुकोजीरावांनी १८७० च्या सुमारास इंग्रज सरकारला १ कोटी रुपये दिले, १०१ वर्षांसाठी, साडेचार टक्क्यांनी. "वर्षाचं व्याज काढा," सर म्हणाले. साडेचार लाख! सगळा वर्ग वहीत मान घालून बसला. इंदूरच्या पोराला व्याज शिकवायला याहून चांगलं उदाहरण कुठून आणणार?

लेकीने तीच वही आमच्यापुढे ठेवली. महिना ३ म्हणजे वर्षाला ३६, आणि थकलं तर चक्रवाढीने साडेबेचाळीस टक्के. "बाबा, इंग्रज सरकार साडेचार देत होतं," ती म्हणाली. आम्ही दुसऱ्याच दिवशी पीएफमधून पैसे काढायचा अर्ज केला.