शून्याच्या नादी लागलेल्या टाक्या

कार्यक्रमपत्रिकेवर अध्यक्षीय भाषणाचा विषय छापला होता ‘प्रवाळटाकीतलं गाळणीतंत्र : एक आढावा’. संमेलनासाठी न्यू जर्सीतल्या सभागृहात जमलेले सगळे घरातल्या काचेच्या टाकीत समुद्र सांभाळणारे मराठी हौशी होते आणि टिपणं काढायच्या तयारीनं आले होते. अध्यक्षांनी यजमानांचे आणि स्वयंसेवकांचे आभार मानले, मावळत्या अध्यक्षांचा गौरव केला, आणि मग आढाव्यालाही तेवढाच वेळ दिला.

जकार्ताच्या ली चिन इंग यांनी १९६१ साली जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर समुद्री टाकी चालते हे जगाला सांगितलं. पुढे बर्लिनच्या मंडळींनी खडकांना, फेसाबरोबर घाण बाहेर काढणाऱ्या स्किमरची जोड दिली. मोनॅकोत जाँ जोबेर यांनी वाळूच्या थराखाली पाण्याची पोकळी ठेवून नायट्रेट जिरवलं, तर स्मिथसोनियनच्या वॉल्टर एडी यांनी शेवाळाच्या जाळीवर पाणी खेळवून ते स्वच्छ केलं. इतकं सांगून अध्यक्षांनी हातातले कागद बाजूला ठेवले. या सगळ्यांनी घाणीची व्यवस्था लावली आणि आपण मात्र तिच्याविरुद्ध युद्ध पुकारलं, असं म्हणून त्यांनी जो सूर लावला तो शेवटपर्यंत खाली आला नाही.

तक्रार एकच होती. टेस्ट किटवर नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य दिसलं की हौशी माणूस त्याचा फोटो काढून मित्रांना पाठवतो. दुकानदार त्याला फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे विकतो, मोठा स्किमर विकतो, आणि टाकीतले प्रवाळ पांढुरके पडले की त्यावरचं औषधही विकतो. आकडा शून्य आला म्हणजे टाकी निरोगी, हे चाटूनपुसून लख्ख झालेलं ताट बघून घरातले सगळे पोटभर जेवले असं मानण्यासारखं आहे, असं ते म्हणाले.

मग त्यांनी हिशेब मांडला. माशाला घातलेल्या खाद्यातलं नत्र अमोनिया होऊन पाण्यात येतं. जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. खडकाच्या आत जिथं प्राणवायू पोचत नाही तिथं काही नायट्रेटचा वायू होऊन उडून जातो. फॉस्फरसला अशी उडून जायची सोय नाही. तो खडकाला चिकटतो, शेवाळात जातो नाहीतर पाण्यात साठतो. पण या दोहोंवरच प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं जगतात, आणि शैवालांनी उन्हावर रांधलेल्या अन्नावर प्रवाळ. आपण उपसून फेकतो तो त्यांचा शिधा असतो.

समुद्राचं पाणी तर नितळ असतं, मग तिथं कसं भागतं, असा प्रश्न पहिल्या रांगेतून आला. अध्यक्ष जणू त्याचीच वाट पाहत होते. कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉय बेटाजवळ ग्रंट जातीचे मासे रात्री समुद्री गवतात चरतात आणि दिवसा प्रवाळांच्या आडोशाला थव्यानं विसावतात. ज्या प्रवाळांवर असे थवे बसत ते शेजारच्या ओक्याबोक्या प्रवाळांपेक्षा जोमानं वाढत, असं जूडी मायर आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली ‘सायन्स’मध्ये दाखवलं. चागोस द्वीपसमूहातल्या उंदीर नसलेल्या बेटांवर समुद्रपक्षी नांदतात. त्यांच्या विष्ठेतलं नत्र शेजारच्या प्रवाळभिंतीपर्यंत पोचतं आणि तिथं मासेही जास्त असतात, असं २०१८ सालच्या अभ्यासात दिसलं. पाण्यात नत्र-फॉस्फरस कमी सापडतं, कारण ते येता येताच खाल्लं जातं. बंद टाकीत मूठभर मासे ठेवायचे, त्यांना चिमूटभर खाद्य घालायचं आणि उरलंसुरलंही यंत्रानं ओढून घ्यायचं, याला समुद्राची नक्कल म्हणू नये.

इथून पुढं त्यांनी सभेतले जुने वाद एकेक करून निकालात काढले, आणि पुरावा म्हणून प्रत्येक वेळी आपण देखभाल करत असलेल्या गिऱ्हाइकांच्या टाक्या पुढे केल्या. एका दंतवैद्याच्या प्रतीक्षागृहातली टाकी त्यांच्याकडे देखभालीला आली तेव्हा किटवर दोन्ही आकडे शून्य होते. सकाळी वाळू स्वच्छ दिसे. दुपारपर्यंत खडकांवर तपकिरी शेंबडासारखी लोंबती जाळी चढे, तिच्या प्रत्येक धाग्याच्या टोकाला प्राणवायूचा बुडबुडा, आणि काचेखाली उताण्या पडलेल्या गोगलगाई. ते डायनोफ्लॅजेलेट होते. प्रतिस्पर्धी शेवाळं आणि जिवाणू उपाशी मेले की त्यांचं फावतं. आधीच्या माणसानं ही घाण समजून पाणी बदलण्याचा सपाटा लावला होता. अध्यक्षांनी लोहाचे दाणे काढून टाकले, दिवे मंदावले, माशांचं खाद्य वाढवलं आणि सोडियम नायट्रेटचे थेंब सुरू केले. तपकिरी जाळी हळूहळू विरली, प्रवाळांवर रंग चढला.

स्किमर की शेवाळाचा कप्पा? एका उपाहारगृहात त्यांनी दोन्ही वर्षानुवर्षं चालवलं. माशांना भरपूर खायला घालणाऱ्यानं दोन्ही ठेवावं, म्हणजे वाद मिटला. जिवाणू वाढवून नायट्रेट उतरवायला व्होडका घालावी का? घालावी, पण ज्याच्या टाकीत नायट्रेट तुंबलंय त्यानं. रेडफिल्डच्या १६:१ या प्रमाणावर मात्र ते चिडले. ते प्रमाण समुद्री प्लवकांतल्या नत्राच्या आणि फॉस्फरसच्या अणूंचं आहे. लोक ते सरळ वजनात मोजलेल्या पीपीएमला लावतात. वजनाचा हिशेब केला तर नायट्रेट आणि फॉस्फेट यांचं प्रमाण साधारण १०:१ येतं. आणि तेही ध्येय म्हणून कुणी सांगितलेलं नाही. नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेटचा दुष्काळ ही जोडी मात्र घातक, कारण अशा पाण्यातले प्रवाळ ऊन आणि उष्णतेनं लवकर पांढरे पडतात, असं यॉर्ग वीडेनमान यांच्या गटानं २०१३ मध्ये दाखवलं आहे.

म्हणजे घाण साठू द्यायची का, असं मागून कुणीतरी विचारलं. तसं म्हणणारा माणूस मी नव्हे, असं ते गरजले. अमोनिया विषच आहे, आणि फॉस्फेट फार चढलं की प्रवाळाचा सांगाडा नीट बांधला जात नाही. नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ पीपीएमच्या आसपास स्थिर राहिलं की त्यांना पुरे. त्यातही भर ‘स्थिर’वर.

पुढची कामंही त्यांनी सांगितली. सर्वांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात. नमुना नंतर कळवला जाईल. नवख्यांसाठी पुस्तिका निघावी; ती कोण लिहील ते बोलता बोलता राहून गेलं. एक गोष्ट मात्र पक्की होती. संमेलनाच्या टाकी-स्पर्धेत सर्वांत कमी नायट्रेटला दहा गुण देणारा रकाना आहे. तो पुढच्या वर्षी गुणपत्रिकेवर दिसला, तर परीक्षक म्हणून आपल्याला बोलावू नये, असं त्यांनी माइकवरून बजावलं. चिटणिसांनी विषय कार्यकारिणीपुढे ठेवू म्हटलं, आणि जेवणाची घोषणा केली.