केडगावकरांच्या वतीने



‘दुःख आणि ख्रिस्ती श्रद्धा’ हा विषय ठरला आणि संमेलन कुठे भरवायचं यावर फारशी चर्चाच झाली नाही. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलंच, केडगावचं.

दुष्काळाने रमाबाईंचे आईवडील नेले, थोरली बहीण नेली. रानात झाडपाला आणि पाण्यावर या कुटुंबाने दिवस काढले होते. पुढे भाऊ गेला आणि लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत पतीही. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८९६ च्या सुमारास मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या. पोट पाठीला लागलेल्या तिथल्या मुलींची भूक त्यांना कुणी समजावून सांगायला नको होती. मुलींना त्यांनी केडगावला आणलं. इथली जमीन खरं तर फळबागेसाठी घेतलेली. तिथे आधी झोपड्या उभ्या राहिल्या. पुढे याच आवारात छापखाना आला, मुली खिळे जुळवायला शिकल्या आणि रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर इथेच छापलं गेलं. १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली, पुढच्याच वर्षी रमाबाईही गेल्या.

हे काम घडावं यासाठीच देवाने रमाबाईंवर दुष्काळ धाडला, असं मी म्हणणार नाही. आपल्या मंडळ्यांमध्ये शोकाच्या घरी जाऊन ‘देवाची इच्छा’ म्हणून मोकळं होण्याची सवय फार आहे, आणि ती मला निर्दय वाटते. ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर ते खरे मित्र होते. तोंड उघडून कारणं सांगू लागले तिथे बिघडलं. माझी श्रद्धा वेगळ्या जागी टेकते. पुनरुत्थित प्रभूने थोमाला हात दाखवले, तेव्हा खिळ्यांचे व्रण तसेच होते. देवाने ते पुसले नाहीत. त्यांच्यावरूनच थोमाने प्रभूला ओळखलं. रमाबाईंच्या जखमा त्या अनाथ मुलींनी अशाच ओळखल्या असतील, असं मला मनापासून वाटतं.

दुपारच्या सत्रात कर्करोगाच्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या भगिनी बोलणार आहेत. त्यांचं सांगून होईपर्यंत कृपया कुणी मधे बोलू नये. प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवला आहे. आता संमेलनाध्यक्षांनी सूत्रं हाती घ्यावीत, ही विनंती.