फुटक्या माठातलं खत

फेब्रुवारी २०१८ आठवतो ना? वर्षानुवर्षं दुर्गंधी सोसलेल्या नारेगावकरांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि शहरभर ढीग साचले. ओलं-सुकं एकत्र टाकलं की असंच सडतं. आपल्या उकिरड्यातही आता प्लास्टिकच्या पिशव्या जातात. त्या गुरांच्या पोटात जातात, खताबरोबर वावरातही.

म्हणून आम्ही गटातल्या बायका ओलं वेगळं ठेवतो. फुटका माठ किंवा जुना डबा घ्यायचा. तळाला, बाजूंना भोकं पाडायची आणि सावलीत दोन विटांवर ठेवायचा. तळाशी चार बोटं पाचोळा. त्यावर देठ, साली, चहाचा चोथा, आणि वर दुप्पट पाचोळा. अधूनमधून शेणकाला शिंपडायचा. तेलकट, मटण-मासे टाकायचे नाहीत.

आठवड्याला काठीनं वर-खाली करायचं. मुठीत दाबलं की ओलसर लागावं, पाणी गळू नये. वास आला तर पाचोळा वाढवा. आपल्या उन्हाळ्यात सुकलं तर पाणी शिंपडा.

दोन-तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत, मातीच्या वासाचं खत होतं. परसातल्या मेथी-वांग्याला मूठमूठ घाला. विकतच्या खताचे तेवढेच पैसे वाचतील, आणि आपला कचरा दुसऱ्या गावाच्या दारात जाणार नाही.